वर्षाला बारा हजार किलोमीटर होतात. पेट्रोल मोटार घ्यावी की डिझेल?

आर्णीचा शेतकरी (प्रश्न):

नमस्कार. मी यवतमाळ जिल्ह्यातील आर्णी तालुक्यात राहतो. बारा एकर कोरडवाहू शेती असून त्यात कापूस, सोयाबीन आणि तूर ही पिके घेतो. आर्णीला माझे छोटेसे कृषी केंद्र आहे. आजवर मोटारसायकल आणि गरजेपुरती भाड्याची गाडी यांवर भागले. परंतु गेल्या वर्षापासून आईला दर महिन्याला वर्ध्याच्या रुग्णालयात न्यावे लागते आणि भाड्यात जाणारा पैसा पाहता यंदा कापूस विकल्यावर स्वतःची मोटार घेण्याचे घरात ठरले आहे. मोटार चार मीटरच्या आतली, थोडी उंच आणि पाच माणसे नीट बसतील अशी हवी. नेमके हेच मॉडेल पेट्रोल आणि डिझेल अशा दोन्ही इंजिनांत मिळते आणि तिथेच गाडी अडली आहे.

माझे धावणे असे आहे. गावापासून दुकान आठ किलोमीटर, म्हणजे रोजचे सोळा. वर्षभरात त्याचे साधारण पाच हजार होतात. वर्धा जाऊन-येऊन सव्वादोनशे किलोमीटर, महिन्यातून एकदा. यवतमाळला महिन्यातून दोनदा, प्रत्येक वेळी शंभर. लग्नकार्ये, देवदर्शन आणि नागपूरची एखादी खेप धरली, तर एकूण आकडा बारा हजारांच्या आसपास जातो. हंगामात कधीमधी बियाण्याची खोकी आणि खताची दोन-तीन पोतीही मागे टाकावी लागतील.

गावात ज्याला विचारावे तो डिझेलच सांगतो. मामांकडे २०१४ ची डिझेल हॅचबॅक आहे. ती आजही लिटरला बावीस किलोमीटर देते आणि आजवर त्यांनी तिच्या इंजिनाला हात लावलेला नाही. शिवाय ट्रॅक्टरसाठी घरी ड्रममध्ये डिझेल असतेच, त्यामुळे वेळी-अवेळी पंपावर धावावे लागणार नाही, असा वडिलांचा मुद्दा आहे. दुसरीकडे शोरूममधील विक्रेता स्वतःच पेट्रोल घ्या म्हणतो आणि कारण विचारले की "आता जमाना पेट्रोलचा आहे" एवढेच सांगतो. जमान्याशी मला कर्तव्य नाही. माझ्या धावण्याला काय परवडेल आणि काय टिकेल, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

हिशेबनीस, पुसद (उत्तर):

दादा, आपण किलोमीटरचा हिशेब इतका नेटका दिला आहे की उत्तर देणे सोपे झाले. बहुतेक लोक "बरीच चालते" एवढेच लिहितात.

जिल्ह्यातील सध्याचे दर धरून पेट्रोल १०५ रुपये आणि डिझेल ९२ रुपये मानू. आपण म्हणता त्या आकाराच्या मोटारीला आपल्याकडच्या मिश्र रस्त्यांवर, एसी लावून, पेट्रोलचा ॲव्हरेज १५ आणि डिझेलचा १९ धरावा. कंपनीच्या कागदावरचे आकडे यापेक्षा मोठे असतात, पण मे महिन्यात आर्णी ते यवतमाळ एसी बंद ठेवून आईला नेणारा मुलगा मला अजून भेटलेला नाही. या हिशेबाने पेट्रोलचा खर्च किलोमीटरला ७ रुपये आणि डिझेलचा ४ रुपये ८४ पैसे येतो. फरक २ रुपये १६ पैशांचा. बारा हजार किलोमीटरला वर्षाची बचत झाली सुमारे २६,००० रुपये.

आता दुसरी बाजू. शोरूम किंमत पेट्रोलची ९ लाख ३० हजार आणि डिझेलची १० लाख ५० हजार आहे असे समजू. वरवर पाहता फरक १ लाख २० हजारांचा दिसतो. परंतु महाराष्ट्रात नोंदणीच्या वेळी भरावा लागणारा एकरकमी कर पेट्रोल मोटारीला १० लाखांपर्यंत ११ टक्के आणि १० ते २० लाखांना १२ टक्के आहे, तर डिझेलला तोच अनुक्रमे १३ आणि १४ टक्के आहे. म्हणजे डिझेलला दर तर जास्त आहेच, शिवाय किंमत दहा लाखांची रेघ ओलांडते म्हणून टप्पाही बदलतो. पेट्रोलचा कर १ लाख २ हजार, डिझेलचा १ लाख ४७ हजार. गाडी रस्त्यावर येईपर्यंत फरक १ लाख ६५ हजारांवर गेला. २६ हजारांच्या बचतीने तो फिटायला सव्वासहा वर्षे लागतात. डिझेलच्या सर्व्हिसिंगला आणि फिल्टरला वर्षाला चार हजार जास्त धरले, तर साडेसात वर्षे. आणि कर्ज काढणार असाल, तर जादा रकमेवरचे व्याज वेगळे.

एक गोष्ट डिझेलच्या बाजूने सांगायला हवी. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतल्या, १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल आणि १५०० सीसीपर्यंतच्या डिझेल मोटारींना सारखाच १८ टक्के जीएसटी लागतो. पूर्वी २८ टक्के जीएसटीवर पेट्रोलला १ आणि डिझेलला ३ टक्के उपकर होता. तेव्हा केंद्राच्या करातला दुजाभाव गेला आहे, राज्याच्या करातला राहिला आहे. डिझेल इंजिनाचा इंधनपंप, इंजेक्टर, टर्बो (इंजिनात जादा हवा दाबून भरणारा पंखा) आणि सायलेन्सरमधील शुद्धीकरणाची यंत्रणा मुळातच महाग असल्यामुळे शोरूम किमतीतील फरकही राहणारच.

मामांच्या गाडीशी तुलना करू नये, असे मी सुचवीन. डिझेलचे दर ऑक्टोबर २०१४ मध्ये नियंत्रणमुक्त झाले. त्याआधीची काही वर्षे पेट्रोल आणि डिझेल यांच्या दरांत तीस रुपयांपर्यंत अंतर पडत असे आणि त्या काळात वर्षाला आठ-दहा हजार किलोमीटर चालवणाऱ्यालाही डिझेल परवडत होते. आज ते अंतर तेरा-चौदा रुपयांवर आले आहे. मामांचा अनुभव खरा आहे. तो ज्या दरांवर उभा होता, ते दर आज नाहीत.

संत्रावाला, वरूड (उत्तर):

वरील हिशेब बरोबर आहे, परंतु तो वाचून कोणी डिझेल म्हणजे घाट्याचा सौदा असे समजू नये, म्हणून लिहितो.

माझा संत्र्याचा व्यापार आहे. आंबिया बहाराच्या दिवसांत आठवड्यातून चार वेळा नागपूरच्या कळमना बाजारात जावे लागते, मृग बहारात बागा पाहण्यासाठी काटोल, मोर्शी, चांदूर बाजार असे फिरणे असते आणि वर्षाला तीस हजार किलोमीटरच्या खाली काटा कधी थांबत नाही. याच हिशेबाने पाहिले, तर माझी वर्षाची बचत ६४ ते ६५ हजार रुपये होते आणि जादा किंमत अडीच वर्षांत वसूल होते. पुढचे सगळे किलोमीटर नफ्यात. माझी १५०० सीसीची डिझेल गाडी चौथ्या वर्षात आहे.

पैशांपलीकडचीही एक बाब आहे. १५०० सीसीच्या टर्बो डिझेलला साधारण २५० न्यूटन मीटर टॉर्क, म्हणजे चाक फिरवण्याचा जोर, मिळतो, तोही इंजिनाच्या कमी फेऱ्यांवर. बिनटर्बोच्या १२०० सीसी पेट्रोलला ११० ते ११५ मिळतो. पाच माणसे, सामान आणि एसी अशा स्थितीत समोरचा कापसाचा ट्रक ओलांडायचा असेल, तेव्हा हा फरक कागदावर राहत नाही, पायाखाली जाणवतो. चिखलदऱ्याच्या घाटात तर मी गिअर बदलणेच विसरतो. टर्बो पेट्रोल घेतले तर जोर मिळतो हे खरे, पण तो जोर वापरू लागलात की ॲव्हरेज झपाट्याने उतरतो.

मात्र भाऊ, एक गैरसमज दूर करतो. पावसाळ्यात पांदण रस्त्याने शेतापर्यंत जायचे म्हणून डिझेल घेणार असाल, तर घेऊ नका. आपल्या काळ्या मातीच्या चिखलात चाक फिरायला लागले की त्याला इंजिन कोणते आहे याच्याशी देणेघेणे नसते. तिथे टायरची नक्षी, गाडीची जमिनीपासूनची उंची आणि चालकाचा संयम एवढेच कामाला येते. डिझेलचे जड इंजिन पुढच्या चाकांवर असते, त्यामुळे ती उलट जास्त रुतते. मी एकदा रुतलो होतो. शेवटी बैलजोडीनेच ओढून काढावी लागली आणि बैलांच्या मालकाने गाडीची किंमत विचारून घेतली, ती आजही तो येता-जाता ऐकवतो.

गॅरेजवाला, हिंगणघाट (उत्तर):

गेली बावीस वर्षे मी गाड्या दुरुस्त करतो आणि त्यांतली अर्धी वर्षे डिझेलवरच गेली. दोघांनी पैशांचे व ताकदीचे सांगितले. मी यंत्राचे सांगतो, कारण तुमच्या प्रश्नातली सर्वांत महत्त्वाची ओळ अजून कोणी उचललेली नाही. ती ओळ बारा हजार किलोमीटरची नाही, आठ किलोमीटरची आहे.

१ एप्रिल २०२० पासून आपल्या देशात गाड्यांच्या धुरासाठी बीएस ६ निकष लागू झाले. डिझेलमधील गंधक दहा लाख भागांत ५० वरून १० वर आले आणि डिझेल मोटारीच्या सायलेन्सरच्या मार्गात डीपीएफ नावाचा गाळणीसारखा भाग बसू लागला. मधमाशीच्या पोळ्यासारख्या बारीक छिद्रांची ही गाळणी धुरातली काजळी अडवते. ती भरत आली की इंजिनाचा संगणक नेहमीपेक्षा उशिरा थोडे जादा डिझेल सोडतो, त्यामुळे बाहेर पडणाऱ्या वायूंचे तापमान सहाशे अंशांच्या आसपास चढते आणि काजळी जळून जाते. या कामाला गाडी तापलेली असावी लागते आणि त्यानंतर दहा ते वीस मिनिटे एका लयीत चालावी लागते. तुमची गाडी आठ किलोमीटर जाणार. त्यात इंजिन पुरते तापेपर्यंत पाच-सहा किलोमीटर संपलेले असतील, मध्ये गुरे, गतिरोधक आणि ओळखीची माणसे भेटतील, आणि गाळणी साफ होऊ लागली न लागली तोच तुम्ही दुकानासमोर चावी फिरवून गाडी बंद कराल. असे चार-सहा वेळा झाले की डॅशबोर्डवर दिवा लागतो. शिवाय अर्धवट राहिलेल्या प्रत्येक वेळी ते जादा डिझेल पिस्टनच्या कडेने खाली उतरून इंजिन ऑइलमध्ये मिसळते. डिपस्टिकवर ऑइल वाढलेले दिसते, माणूस खूश होतो की गाडी ऑइल पीत नाही. प्रत्यक्षात ते ऑइल पातळ झालेले असते.

एका गिऱ्हाइकाने मला विचारले होते की आपल्याकडे उन्हाळ्यात शेहेचाळीस अंश तापमान असते, मग इंजिन थंड कसे राहील. बाहेरचे शेहेचाळीस आणि गाळणीला लागणारे सहाशे, यांत जे अंतर आहे ते चालवूनच भरून काढावे लागते.

तुमच्या धावण्यात वर्धा आणि यवतमाळच्या खेपा आहेत, त्यांत गाळणी साफ होऊ शकते. म्हणून डिझेल घेतल्यास गाडी लगेच बंद पडेल असे मी म्हणत नाही. दिवा लागला, तर तिसऱ्या-चौथ्या गिअरमध्ये दोन हजार फेऱ्यांच्या वर इंजिन ठेवून वीस मिनिटे मोकळ्या रस्त्याने न्यायची, एवढी सवय लावावी लागेल. तुळजापूर महामार्ग तुमच्या दारातूनच जातो. पण त्यासाठी वेगळे डिझेल जाळाल, ते हिशेबनीस साहेबांच्या २६ हजारांतून वजा करा. संत्रावाले भाऊ दिवा लागल्याचे काही लिहीत नाहीत, कारण त्यांच्या गाडीला शंभर किलोमीटरची दौड रोजचीच आहे.

आता ड्रमचे. हा मुद्दा वडिलांना जरा समजावून सांगावा लागेल. पंपावर मिळणारे डिझेल ट्रॅक्टरसाठी आणि मोटारीसाठी एकच असते, त्यात खोट नाही. खोट ड्रममध्ये आहे. झाकण उघडझाक होताना धूळ जाते, पावसाळ्यात ड्रमच्या आत दव धरून पाणी तळाशी साचते, आणि रबरी नळी कुठे कुठे पडून आलेली असते हे आपण जाणताच. जुन्या ट्रॅक्टरचा पंप हे सहन करतो. फार तर फिल्टर बदलून हवा काढली की पुन्हा चालू. आजच्या मोटारीत डिझेल दीड-दोन हजार बार दाबाने केसासारख्या बारीक छिद्रांतून फवारले जाते. तिथे पाण्याचा थेंब म्हणजे गंज आणि धुळीचा कण म्हणजे कानस. मागच्या हंगामात एकाचे चारही इंजेक्टर असेच गेले आणि त्याला आलेला खर्च त्याच्या ट्रॅक्टरच्या अख्ख्या खरिपाच्या डिझेलपेक्षा जास्त होता. ही कामे स्कॅनरशिवाय होत नाहीत, म्हणजे गाडी यवतमाळला ओढून न्यावी लागेल.

आपले कृषी केंद्र आहे म्हणून आणखी एक सांगून ठेवतो. काही डिझेल गाड्यांना धूर स्वच्छ करण्यासाठी डीईएफ नावाचे द्रव वेगळ्या टाकीत भरावे लागते. ते शुद्ध पाण्यात विरघळवलेले ३२.५ टक्के युरियाचे द्रावण असते, हे ऐकून एक शेतकरी ४५ किलोच्या पोत्यातला युरिया बादलीत कालवून घेऊन आला होता. शेतीच्या युरियाला निंबोळी तेलाचा लेप असतो. तो त्या यंत्रणेत गेला तर ती कायमची निकामी होते.

पेट्रोलचीही एक बाजू सांगितली पाहिजे. आता पंपांवर २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. इथेनॉलमध्ये त्याच आकारमानाच्या पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते, त्यामुळे ॲव्हरेज थोडा उतरतो. नवी गाडी या इंधनासाठीच बनवलेली असेल, तेव्हा तिच्या रबराची किंवा नळ्यांची काळजी करू नये. इथेनॉल हवेतली ओल ओढते, म्हणून गाडी महिनोन्महिने उभी ठेवायची नाही, एवढे पथ्य पाळा. तुमच्याकडे ती उभी राहणार नाही.

आर्णीचा शेतकरी:

सर्वांचे मनापासून आभार. गॅरेजवाले दादांचे उत्तर मी वडिलांना मोठ्याने वाचून दाखवले. ड्रमचा विषय त्यांनी स्वतःहून मागे घेतला, मात्र "ट्रॅक्टरला यातले काही लागत नाही" हे दोनदा म्हणाले.

आठ किलोमीटरच्या मुद्द्यावर एक मार्ग सुचला. मोटारसायकल घरी आहेच. दुकानात मी तिनेच जात राहिलो आणि मोटार फक्त वर्धा, यवतमाळ, नागपूर आणि लग्नकार्यांसाठी काढली, तर ती नेहमी लांबच्या दौडीवरच जाईल आणि गाळणीचा त्रास उरणार नाही. मग डिझेल घ्यायला हरकत आहे काय? लांबच्या वाटेला लागलो की आई गाडीत झोपते आणि डिझेल गाडी महामार्गावर शांतपणे, कमी फेऱ्यांवर धावते, हे भाड्याच्या गाडीत मी अनुभवले आहे. म्हणून मन अजून तिकडे ओढ घेते.

हिशेबनीस, पुसद:

दादा, यंत्राच्या दृष्टीने आपला मार्ग उत्तम आहे आणि पैशाच्या दृष्टीने तोच सर्वांत महाग आहे. रोजचे पाच हजार वजा केले की मोटार वर्षाला सात हजारच चालणार. सात हजारांना किलोमीटरमागे २ रुपये १६ पैसे म्हणजे १५ हजारांची बचत. १ लाख ६५ हजार फिटायला अकरा वर्षे, तीही सर्व्हिसिंगचा जादा खर्च न धरता. थोडक्यात, डिझेल परवडावे म्हणून ती रोज चालवावी लागते आणि रोज चालवली की आठ किलोमीटरचे दुखणे मागे लागते. आपल्या गावाचे आणि दुकानाचे अंतरच तसे आहे. दुकान पंचवीस किलोमीटरवर असते, तर मी वेगळे लिहिले असते.

डिझेलचे मन असेलच, तर जुनी गाडी पाहता येईल. मार्च २०२० पूर्वीच्या बीएस ४ डिझेल मोटारींत साधारणपणे ही गाळणी नसते आणि किमतीतला फरकही तोवर झिजलेला असतो. मारुतीने एप्रिल २०२० पासून डिझेल मोटारी बनवणे बंद केले, तरी त्यांच्या जुन्या १३०० सीसी डिझेल गाड्या आपल्या भागात भरपूर आहेत. दहा वर्षे झालेली डिझेल गाडी बंद करण्याचा जो नियम लोक सांगतात, तो दिल्ली आणि राजधानी परिसरापुरता होता. आपल्याकडे नोंदणी पंधरा वर्षांची असते आणि पुढे योग्यता तपासणी करून ती वाढवता येते.

गॅरेजवाला, हिंगणघाट:

जुनी घ्यायची तर काटा पाहू नका, काटा मागे फिरवणारे पुष्कळ आहेत. सकाळी इंजिन पूर्ण थंड असताना स्वतः चालू करा, ऑइलचे झाकण काढून आतून धूर जोराने येतो का पाहा, आणि सर्व्हिसिंगची नोंद मागा. विकणारा गाडी आधीच तापवून ठेवत असेल, तर तिथूनच परत फिरा. परंतु आईला दर महिन्याला रुग्णालयात न्यायचे आहे, त्या कामासाठी दुसऱ्याने वापरलेले इंजिन मी स्वतः घेतले नसते.

संत्रावाला, वरूड:

डिझेलवाला असूनही मी या धाग्यात पेट्रोलच्या बाजूने मत देतो. फक्त बिनटर्बोचे घेणार असाल, तर पाच माणसे बसवून आणि एसी पूर्ण लावून चालवून पाहिल्याशिवाय टोकन देऊ नका. शोरूमवाले एकट्याला बसवून सपाट रस्त्यावर फिरवून आणतात आणि मग गाडी कोणतीही असली तरी हलकीच वाटते.

आर्णीचा शेतकरी:

अकरा वर्षांचा आकडा वाचून डिझेलचा विषय मिटला. जुन्या गाडीला आईचीच तयारी नाही. पेट्रोल मोटार घेतो, आणि ती दुकानात जाण्यासाठीही वापरतो. मोटारसायकल धाकट्या भावाला शेतावर जायला होईल. येत्या सोमवारी दुकान बंद ठेवून घरातले पाचही जण यवतमाळच्या शोरूममध्ये जाणार आहोत. विक्रेत्याला तसे फोनवर सांगितले, तेव्हा तो म्हणाला की चालवून पाहायला दोघेच पुरेत. मी म्हटले, पाच जण बसणार असतील तरच येतो.